मातीआड आणि पाण्याकाठी

सोलापुरास परगावचा पाहुणा आला म्हणजे त्यास प्रथम सिद्धेश्वराच्या दर्शनाला न्यावयाचे, असा येथील शिरस्ता आहे; आणि भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळ पसरलेल्या तळ्यातील त्या देवळात शिरून, पाण्यावरून येणारा गार वारा अंगावर घेत पाहुणा जेव्हा हात जोडतो, तेव्हा आपण ज्या आवारात उभे आहोत तेथेच एका थोर शिवयोग्याची समाधी आहे आणि तिच्या भोवती पाणी आहे, या दोन गोष्टी एकत्र जोडून पाहण्याचे त्याच्या मनात सहसा येत नाही. बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळे खोदविले, गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि अखेर ते येथेच समाधिस्थ झाले, असे परंपरा सांगते. ज्या नगरीची प्रतिष्ठा पाणी खोदण्याच्या पुण्याईवर उभी राहिली, तिचे सर्वांत पूज्य समाधिस्थान असे पाण्याच्या कुशीत असावे आणि त्याच नगरीला लागू असलेल्या कायद्याने मात्र मृतदेह कोठे पुरावा, किती खोल पुरावा आणि कोठे मुळीच पुरू नये याविषयी काटेकोर बोलावे, यात वरवर पाहता विसंगती दिसते. पण ती विसंगती नव्हे. एका योग्याची समाधी ही श्रद्धेची बाब झाली; सहस्रावधी माणसांचे देह वर्षानुवर्षे एकाच भूखंडात ठेवीत राहणे ही आरोग्याची बाब आहे, आणि दुसऱ्या बाबीचा विचार पहिलीच्या भाषेत करू गेल्यास घोटाळा होतो.

मराठी मुलखातील बहुतेक शहरांत अंत्यविधी म्हटला की चिता डोळ्यांपुढे येते. सोलापुरात तसे नाही. कानडी, तेलुगू, मराठी आणि दखनी या चार भाषा ज्या गावाच्या पेठांतून एकाच वेळी कानी पडतात, त्या गावात मातीच्या रीतीही अनेक आहेत. येथील मोठा लिंगायत समाज आपल्या माणसाचे मरण झाले असे न म्हणता तो लिंगैक्य झाला असे म्हणतो, आणि त्याचा देह बसत्या स्थितीत, इष्टलिंगासह, विभूती व बिल्वपत्रे वाहून रुद्रभूमीत मातीआड करतो. मुसलमान बांधव कफनात गुंडाळलेला देह किब्ल्याकडे तोंड करून कबरीत ठेवतात. ख्रिस्ती मंडळी पेटीत ठेवून पुरतात. गोसावी, नाथपंथी, महानुभाव यांच्यातही समाधी देण्याचीच चाल आहे. आणि ज्यांच्या घरी एरवी दहनच होते अशा कुटुंबांतसुद्धा दात न आलेले मूल गेले तर त्याला अग्नी देत नाहीत, माती देतात. तेव्हा दफनभूमीचा प्रश्न हा कोणा एका धर्माचा प्रश्न आहे, असा जो समज अलीकडे सोयीस्करपणे पसरविला जातो, तो निदान या जिल्ह्यात तरी पहिल्याच पावलाला ठेचाळतो.

आता कायद्याचे दप्तर उघडू. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या अखत्यारीतील विषयांची जी यादी आहे, तिच्यात सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य, दहाव्यावर दफन व दफनभूमी, दहन व दहनभूमी, आणि सतराव्यावर पाणी असे तीन विषय आले आहेत. पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची जोडली, तिच्यातही पाणीपुरवठा आणि दफनभूमी ही दोन्ही कामे स्थानिक संस्थांच्या पदरी घालता येतील अशी तजवीज केली. म्हणजे विहीर आणि कबर यांचा न्याय दिल्लीत व्हावयाचा नसून आपल्याच गावच्या कचेरीत व्हावयाचा, हे घटनाकारांनी ठरवून ठेवले आहे. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या पंचविसाव्या अनुच्छेदातही सार्वजनिक सुव्यवस्था व नीतिमत्ता यांच्याबरोबर आरोग्याची मर्यादा स्पष्ट शब्दांत घातलेली आहे.

याच्या पुष्कळ आधी, १८८८ साली, मुंबई शहरासाठी महानगरपालिकेचा जो कायदा झाला, त्यात मृतांच्या विल्हेवाटीची कलमे अशा बारकाईने लिहिली आहेत की तो मसुदा करणाऱ्या माणसाने प्रत्यक्ष कबरस्तानात उभे राहून टिपणे घेतली असावीत असे वाटते. प्रत्येक दफनभूमीची व स्मशानाची नोंद झाली पाहिजे. परवानगीवाचून नवी जागा उघडावयाची नाही. प्रार्थनास्थळाच्या आत परवानगीवाचून दफन करावयाचे नाही. एखादी जागा शेजारच्या वस्तीच्या आरोग्यास घातक ठरत असेल तर सरकारने ती बंद करण्याचा हुकूम द्यावा. मग मापे येतात. पेटीचा, आणि पेटी नसेल तर देहाचाच, वरचा भाग जमिनीच्या पृष्ठापासून सहा फुटांहून कमी खोलीवर असता कामा नये. एका कबरीच्या कडेपासून दुसरी कबर दोन फुटांच्या आत खणता कामा नये. वापरात आलेली कबर परवानगीवाचून पुन्हा उघडता कामा नये. ‘पेटी नसेल तर देहाचाच’ हे चार शब्द मला मोठे मार्मिक वाटतात. विलायती कायद्याचा नमुना पुढे असूनही मसुदाकारास आपण कोणत्या देशात लिहीत आहोत याचे भान सुटले नव्हते. याच धर्तीवर १९४९ साली मुंबई प्रांतातील इतर मोठ्या शहरांसाठी प्रांतिक महानगरपालिका अधिनियम झाला, ज्यास आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. आणि १९६४ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस सोलापूरची नगरपालिका महानगरपालिका झाली तेव्हा हाच कायदा येथे लागू झाला. खेड्यापाड्यांत जागा राखून ठेवण्याचे काम महसूल खात्याचे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या बाविसाव्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांस गायरान, गावठाण, खळे, बाजार यांच्याबरोबरच दफनासाठी व दहनासाठी सरकारी जमीन नेमून देता येते.

या साऱ्या कलमांत एक गोष्ट मात्र शोधूनही सापडत नाही. विहिरीपासून किंवा तलावापासून किती फुटांवर कबर असावी, हा आकडा या दोन्ही महानगरपालिका कायद्यांच्या कलमांत नाही. ‘आरोग्यास घातक’ एवढे शब्द आहेत, आणि घातक काय ते ठरविण्याचा विवेक अधिकाऱ्यावर सोपविला आहे. दक्षिणेकडील तमिळनाडूत पाहावे तर तेथील ग्रामपंचायतींसाठी १९९९ साली केलेल्या नियमांत हा आकडा रोखठोक सांगितला आहे: वस्तीपासून किंवा पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ९० मीटरच्या आत नवी दफनभूमी नको. हे ९० मीटर जवळपास शंभर यार्डांइतके भरतात, आणि इंग्लंडच्या १८५५ सालच्या दफन कायद्यात राहत्या घरापासून नेमके शंभर यार्ड सांगितलेले होते. तेव्हा हा आकडा कोणत्या बोटीने मद्रासेस उतरला असावा, याचा तर्क वाचकांनी करावा.

आमच्याकडे पाण्याच्या उद्भवाभोवती वर्तुळ काढलेच नाही असे मात्र नव्हे. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीवाचून दुसरी विहीर खोदण्यास मनाई केली. आणि त्या जागी पुढे जो २००९ चा अधिनियम आला, ज्यास मंजुरी मिळून तो राजपत्रात यावयास २०१३ साल उजाडले, त्याने पाण्याच्या प्रमाणाबरोबर त्याच्या गुणवत्तेचाही विचार केला. पण मूळ वर्तुळ काढले गेले ते घाणीच्या भयाने नव्हे. शेजारच्या शेतातील उसाच्या तहानेने गावची विहीर आटू नये म्हणून ते काढले गेले. अवर्षणाच्या मुलखाचा हा कायदा आहे. पाणी नासेल याहून ते संपेल, हीच धास्ती त्याच्या अक्षराअक्षरांत आहे, आणि मार्च उलटल्यावर सांगोला-मंगळवेढ्याकडे ज्याने टँकरची वाट पाहिली असेल त्याला ती धास्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

पाणी नासविण्याबद्दल शिक्षा नव्हती काय? होती. १८६० च्या दंडसंहितेत २७७ वे कलम होते: सार्वजनिक झऱ्याचे वा जलाशयाचे पाणी जाणूनबुजून खराब करील त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. न्यायालयांनी पुढे असा अर्थ लावला की वाहती नदी म्हणजे ‘झरा’ नव्हे, आणि त्यामुळे भीमेसारखी नदी या कलमाच्या पंखाखालून निसटली. तिच्यासाठी जलप्रदूषणाचे निराळे कायदे यावे लागले, महाराष्ट्राचा १९६९ सालचा आणि केंद्राचा १९७४ सालचा. २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या न्यायसंहितेत जुने कलम २७९ क्रमांकाने आले असून शिक्षा सहा महिने व पाच हजार रुपये अशी वाढली आहे.

हे कायदे कोणत्या भयातून जन्मले, ते पाहू जाता मोठी गंमत दिसते. कौटिल्याने स्मशान सोडून अन्यत्र प्रेत ठेवणाऱ्यास वा जाळणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. पण पाणवठ्याच्या पावित्र्याबद्दल तो जो स्वतंत्र दंड सांगतो, तो मलमूत्राबद्दल आहे. प्रेताची व्यवस्था निराळी, पाण्याची निराळी, आणि पाण्याचा शत्रू कोण याविषयी त्याच्या मनात संदेह नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपला हा विवेक इतक्या सहज साधला नाही. लंडनमधील चर्चांची आवारे त्या काळी इतकी भरून गेली होती की जुनी हाडे उकरल्यावाचून नवी कबर खणता येत नसे; वॉकर नावाच्या शल्यवैद्याने १८३९ साली आणि चॅडविक या सरकारी सुधारकाने १८४३ साली त्याविरुद्ध जे लिहिले, त्याने पार्लमेंट हादरले. पण या मंडळींचे भय पाण्याचे नसून हवेचे होते. कुजण्याच्या दुर्गंधीतूनच रोग उपजतो असा त्यांचा ठाम सिद्धान्त. म्हणून कबरी दूर न्यावयाच्या त्या नाकापासून. १८४७ च्या इंग्रजी कायद्याने दफनभूमीतील घाण ओढ्यात वा तलावात जाऊ देणाऱ्या कंपनीस पन्नास पौंड दंड ठरविला खरा, तरी जंतूचे नाव कोणास ठाऊक नव्हते.

मग १८५४ साल उजाडले. ऑगस्टच्या अखेरच्या दिवशी लंडनच्या सोहो भागात पटकीची जी साथ उद्‌भवली, तिने थोड्याच दिवसांत सहाशेहून अधिक माणसे नेली. त्या मोहल्ल्याच्या पोटात १६६५ च्या प्लेगात मेलेल्यांचे सामुदायिक दफन झाले होते, आणि नुकतीच नवी गटारे खणताना ती जागा उकरली गेल्यामुळे जुने विष मोकळे झाले, अशी आवई तत्काळ उठली. लोकांनी बोट दाखविले ते दोनशे वर्षांपूर्वीच्या मृतांकडे. गटारखात्याच्या अभियंत्याने चौकशी करून त्या शंकेत तथ्य नसल्याचे सांगितले. जॉन स्नो या डॉक्टराने घरोघर फिरून मेलेल्यांची गणती केली आणि सारे धागे ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाशी येऊन मिळतात असे दाखविले. सप्टेंबरच्या आठ तारखेस त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे विहीर उकरून पाहिली तेव्हा आढळले ते असे: शेजारच्या घराचा मैल्याचा हौद, विटा ढासळलेला, विहिरीच्या भिंतीपासून तीन फुटांहूनही जवळ. दोष मृतांचा नव्हता. जिवंतांच्या शौचकूपाचा होता.

ही कथा साथींच्या इतिहासात पंपाच्या दांड्यासाठी सांगितली जाते. मला ती त्या निरपराध प्लेगच्या खड्ड्यासाठी अधिक मोलाची वाटते. गावात कावीळ वा गॅस्ट्रो पसरला की आजही बोट प्रथम कोठे वळते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

तथापि मृतदेह निरुपद्रवी असतो, असे मला म्हणावयाचे नाही. देह मातीत विरघळतो तेव्हा त्यातून द्रव पाझरतो. त्यात सुमारे ६० टक्के पाणी, ३० टक्के क्षार आणि १० टक्के सेंद्रिय द्रव्ये असतात, आणि देहाच्या दर किलो वजनामागे तो साधारण अर्धा लिटर निघतो असे धरले तर सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब पस्तीस लिटरांच्या आसपास जातो. या द्रवाबरोबर जंतू खाली उतरतात, आणि नत्रयुक्त द्रव्यांचे मातीत नायट्रेट होते, जे ठरावीक मर्यादेपलीकडे, भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅमपलीकडे, तान्ह्या मुलांस अपायकारक ठरते. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत देह टिकविण्यासाठी सोमलाचा वापर होत असे, आणि ते विष तेथील जुन्या दफनभूमींच्या मातीत राहिले. आमच्याकडे कफन आणि विभूती. त्या दृष्टीने आमची माती भाग्यवान.

पण हेच पस्तीस लिटर दुसऱ्या तराजूत घालून पाहा. जिवंत माणूस दिवसाकाठी लिटरभर, क्वचित दीड लिटर मूत्र विसर्जित करतो. मेलेला माणूस मातीला एकदाच जेवढे देतो, तेवढे जिवंत माणूस महिनाभरात देतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा देतो. शिवाय पटकीने आजारी पडलेला जिवंत माणूस कोट्यवधी जंतू बाहेर टाकतो, तर मृतदेहातील बहुतेक रोगजंतू मातीत काही आठवड्यांत वा महिन्यांत मरून जातात. ज्या गावात रुद्रभूमी विहिरीपासून अर्ध्या कोसावर ढकलली आणि शौचालयांचे शोषखड्डे विहिरीच्या काठाशी आणून ठेवले, त्या गावाने मृतांना हद्दपार करून मृत्यूला मात्र घरात घेतले असे मी म्हणेन. विहीर घाणीच्या कोणत्याही उगमापासून किमान पन्नास फूट असावी, हा नियम आरोग्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात शिकविला जातो; तो पाळला जातो का, हे पाहण्यास फूटपट्टी पुरते.

मग अंतराचा आकडा येतो कोठून? जंतू मातीत फार काळ जगत नाहीत, या एका गोष्टीवर सारा हिशेब उभा आहे. दूषित पाण्यास विहिरीपर्यंत पोहोचण्यास पन्नास दिवस लागतील इतकी माती मध्ये असावी, असा दंडक जर्मनीत व इंग्लंडमध्ये उद्भवाच्या संरक्षणासाठी धरला जातो. म्हणजे फूट आणि मीटर ही बोलण्याची भाषा झाली, मोजावयाचा असतो तो काळ. वाळूत पन्नास दिवसांची वाट निराळी, चिकण मातीत निराळी, भेगाळ खडकात निराळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ सालच्या टिपणात पिण्याच्या विहिरीपासून वा बोअरपासून २५० मीटर, इतर झऱ्यापासून वा ओढ्यापासून ३० मीटर, शेतातील चरापासून १० मीटर, आणि कबरीच्या तळाखाली किमान एक मीटर कोरडी माती, अशी मापे दिली आहेत. आणि आपत्तीत अनेक देह एकत्र पुरावे लागतात तेव्हासाठी देहांच्या संख्येनुसार २०० पासून ३५० मीटरपर्यंत अंतर वाढवीत नेण्याची सूचना आहे. फ्रान्सने तर हे फार पूर्वी उलट्या अंगाने केले होते: १८०८ सालच्या मार्चमधील हुकुमाने वस्तीबाहेर हलविलेल्या नव्या दफनभूमीपासून शंभर मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास बंदी घातली. कबर आधी असेल तर विहिरीने दूर जावे. ही न्यायाची बाजू आमच्या वादांत कोणी मांडीत नाही. शहर वाढत वाढत जुन्या कबरस्तानाच्या भिंतीला येऊन भिडते, भिंतीला लागून भूखंड पडतात, त्यात बोअर मारले जाते, आणि मग बोअरचा धनी दरखास्त करतो की कबरस्तान हलवा.

आता आपली जमीन पाहू. सोलापूर जिल्हा सारा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेला. भीमा-सीनेच्या खोऱ्यात वर जाड काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली चिरा पडलेला खडक आणि त्याखाली अभेद्य कातळ, अशी साधारण उतरंड. माळरानावर मात्र काळ्या मातीची टोपी उडालेली, वीत-दोन वीत खाली लगेच मुरूम लागतो. आमच्या विहिरींना पाणी मिळते ते याच मुरुमात आणि चिरांत. काळी माती ही गाळणी म्हणून उत्तम, कारण तिचे सूक्ष्म कण जंतूंना व क्षारांना धरून ठेवतात. परंतु वैशाखात तीच माती हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते आणि मृगाचा पहिला सपाटा त्या भेगांतून गाळणीला वळसा घालून सरळ खाली उतरतो. उलट भर पावसात ती फुगून बंद होते, खणलेल्या खड्ड्यात पाणी तुंबते आणि देह वर्षानुवर्षे विरघळत नाही. माळावरच्या मुरुमात तर गाळणीच नाही. चिरेतून वाहणाऱ्या पाण्याला शंभर मीटर म्हणजे फार मोठी मजल नव्हे. सहा फूट खोल खणण्याचा मुंबईचा दंडक पातळ मातीच्या माळावर जसाच्या तसा पाळला, तर देह गाळणीच्या वर ठेवण्याऐवजी गाळणीच्या खाली ठेवला जातो. म्हणून कायद्याचा आकडा हातात घेऊन फीत ओढण्यापूर्वी जमिनीत एक खड्डा घेऊन पाहावा, असे माझे मत आहे.

शहराच्या पाण्याचा विचार केला तर कोणी म्हणेल की आम्हांस विहिरींशी आता काय कर्तव्य? १८७१ साली आदिला नदीवर बांधून पुरा झालेला एकरूखचा तलाव, ज्यास आम्ही हिप्परग्याचा तलाव म्हणतो, भीमेवरील टाकळीची योजना आणि शंभराहून अधिक किलोमीटरांवरून येणारी उजनीची जलवाहिनी यांवर सोलापूर जगते. आणि या उद्भवांच्या काठी कोणी कबरी खणीत नाही. खरे आहे. पण नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते, ही गोष्ट सोलापूरकरास सांगावयास नको, आणि मधल्या दिवसांत पेठेतला हापसा आणि बोळातले बोअर यांनाच हात घालावा लागतो. शिवाय जी नळी चार दिवस रिकामी राहते, तिच्यात पोकळी होऊन शेजारच्या गटाराचे पाणी सांध्यासांध्यातून आत ओढले जाते. कबरस्तानापासून कोसभर दूर असलेल्या घरातही त्यामुळे पाणी नासू शकते. ‘सार्वजनिक उद्भव’ या शब्दाचा अर्थ धरणापाशी संपत नाही, तो हापशापर्यंत आणावा लागतो.

खरी अडचण खेड्यात आहे, आणि ती ओढ्याची अडचण आहे. आमच्या कोरड्या मुलखात स्मशान आणि दफनभूमी बहुधा ओढ्याकाठी असते, कारण विधीला पाणी लागते, तेथील जमीन नांगराखाली येत नाही आणि गावठाणापासून ती जराशी वेगळी पडते. आणि नळपाणी योजनेची विहीरही ओढ्याकाठीच खणावी लागते, कारण पाणी लागण्याची खात्री तेथेच. दोघांनाही एकच जागा हवी असते. पूर्वजांनी स्मशान गावाच्या दक्षिणेस ठेवण्याची जी रूढी पाळली, ती यमाच्या दिशेच्या श्रद्धेपोटी. पण ओढा जेथे दक्षिणेकडे वाहतो तेथे तिच्यामुळे स्मशान आपोआप विहिरीच्या खालच्या अंगास पडले आणि श्रद्धेने आरोग्याचे काम केले. जेथे ओढा उलटा वाहतो तेथे तीच श्रद्धा गावाच्या मुळावर आली. दहन करणाऱ्यांनीही येथे फार ताठ मानेने बोलू नये, कारण तिसऱ्या दिवशी सावडलेली राख बहुधा त्याच पाण्यात सोडली जाते. तीत जंतू नसतात हे खरे, क्षार असतातच.

अशा वेळी वाद पेटतो तो मीटरांवरून क्वचितच. आडून दुसरेच काही बोलले जाते. कोणा एका समाजास जागा द्यावयाची नसली म्हणजे पाण्याचे कारण पुढे येते, आणि आपल्या समाजाची जागा विहिरीला खेटून असली तर तेच कारण विसरले जाते. २०२० च्या करोनाकाळात मुंबईत वांद्र्याच्या कबरस्तानात दफन करू नये, त्याने शेजारी रोग पसरेल, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली होती. मृतदेहातून तो रोग पसरतो असे दाखविणारा शास्त्रीय पुरावा नाही, असे सांगून न्यायालयाने मे महिन्यात ती फेटाळली, आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा मनुष्याचा हक्कच आहे याचे स्मरण दिले. सोहोच्या साथीनंतर एकशे सहासष्ट वर्षांनी तेच भय, तीच शंका आणि तेच उत्तर.

म्हणून ग्रामसभेपुढे वा प्रभागाच्या बैठकीपुढे दफनभूमीचा ठराव येईल तेव्हा, कोणाची दफनभूमी हे विचारण्यापूर्वी, वाचकांनी चार गोष्टी विचाराव्यात अशी माझी विनंती आहे: पावसाळ्याच्या अखेरीस तेथे पाणी किती खोलीवर असते, जमिनीचा उतार विहिरीकडे आहे की विहिरीकडून, कबरीच्या तळाखाली माती किती आणि मुरूम किती, आणि त्याच विहिरीपासून सर्वांत जवळचा शोषखड्डा किती फुटांवर आहे. यांपैकी पहिल्याचे उत्तर सरकारदरबारी आयते पडून असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यातील निरीक्षण विहिरींच्या पाण्याची पातळी मोजीत आली असून ही मोजणी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा होते. त्यांतला ऑक्टोबरचा आकडा मागून घ्यावा.